अंकुशकाकांनी पाणी थांबवलं, त्याबद्दल

अंकुशकाका, तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले आणि मी तुमच्याशी बोलायला आज बसले आहे. एवढा उशीर का, असं तुम्ही विचारलं नसतं. तुम्हाला विचारायची सवयच नव्हती. पण काल तुमच्या लेकीचा, सुवर्णाचा फोन आला. परवा तेराव्याला भावकी आणि गाव जमणार आहे, आणि कतारच्या कंपनीनं तुम्हाला दिलेलं शाबासकीचं पत्र तेव्हा सगळ्यांसमोर वाचून दाखवावं अशी काकूंची इच्छा आहे. पत्र इंग्रजीत आहे. त्याचं मराठी करून मी पाठवावं, कारण तुम्हाला ते पहिल्यांदा मीच वाचून दाखवलं होतं.

हो, मीच वाचून दाखवलं. आणि त्या पत्रात शाबासकीचा एक शब्दही नाही. ते तुम्हाला कामावरून काढण्याचं पत्र आहे.

म्हणून मी काल सुवर्णाला "पाठवते" म्हणाले आणि फोन ठेवून दोह्यातल्या बिन महमूद भागातल्या माझ्या खोलीत भिंतीकडे बघत बसले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "काय करलालाव म्याडम, भिंत पडलाली का?" तुमचं ते 'करलालाव' ऐकून मी पहिल्या वर्षी किती हसायचे. चिंचवडची मी, मला वाटायचं मराठी म्हणजे आमच्या सोसायटीत बोलतात तेवढीच. तुम्ही औशाच्या पुढच्या गावचे, पंचवीस वर्षं बोअरच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून झाल्यावर दोह्याला आलेले. इथे तुमच्याकडे वॉटर पार्कचं तळघर आलं, म्हणजे पंप, फिल्टर, चिलर, सगळं. माझ्याकडे जमिनीवरचं. घसरगुंड्या, लाटांचा तलाव, जीवरक्षक मुली आणि येणारे लोक.

आपली ओळखच भांडणानं झाली. रोज सकाळी साडेसहाला पाण्याचा तक्ता माझ्याकडे यायचा. पाण्यात क्लोरीन किती, आम्लता किती, थंड किती. मी सही केल्याशिवाय गेट उघडायचं नाही. पहिल्याच दिवशी तक्ता आला तो सगळा मराठी आकड्यांत. ७.४. २८. मी हिंदीत तुम्हाला फैलावर घेतलं, हे काय आहे, इथे कोण वाचणार आहे हे. तुम्ही मान खाली घालून शांतपणे पुटपुटलात, "पोरगी लई तोऱ्यात हाय." मी म्हटलं, "तोऱ्यातच आहे, आणि मराठी पण येतं." तुमचा चेहरा असा पडला की मला हसू आवरेना. मग तुम्हीही हसलात. त्या दिवसापासून तुम्ही आकडे इंग्रजीत लिहायला लागलात, पण कोपऱ्यात बारीक पेन्सिलीनं मराठी आकडाही असायचाच. तीन वर्षं मी त्या तक्त्यावर रोज सही केली, आणि माझी सही वाळेपर्यंत तुम्ही रोज समोर उभे राहिलात. ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात यायला हवी होती.

तुम्ही मला काय काय शिकवलंत. उन्हाळ्यात इथल्या नळाला कढत पाणी येतं, तर गिझर बंद ठेवायचा आणि त्याच्या टाकीतलं पाणी अंघोळीला घ्यायचं, घरातलं गार पाणी तेवढंच. मी दोन उन्हाळे नळाखाली भाजून घेतलं होतं, इंजिनियर असून. आणि पंप ऐकायला तुम्हीच शिकवलंत. तुमचं ते स्क्रू पिळायचं लांब डिसमिस, त्याचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. "तीन नंबरचा कण्हतोय बगा," म्हणायचात. मला सगळे पंप सारखेच ऐकू यायचे. तुम्ही म्हणायचात, "तुमी ऐकतच नाई. तुमी वाट बगताव, कवा संपतंय मनून."

आणि मी तुम्हाला काय दिलं, तर इंग्रजी वाचून दाखवलं. बँकेचा मेसेज, दवाखान्याच्या कार्डाचा फॉर्म, सुवर्णाच्या नर्सिंग कॉलेजची नोटीस. शुक्रवारी सकाळी अल मुंतझा भागातल्या त्या छोट्या कॅफेटेरियात आपण करक, म्हणजे इथला दुधाचा कडक चहा घ्यायचो आणि तुम्ही खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढायचात. मी वाचून सांगितलं की तुमच्या दृष्टीनं विषय संपला, परत दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही. मला त्याचं फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. घरी मला कुणी एवढं मानलं नव्हतं.

आपलं एक भांडण अर्धवटच राहिलं. या भागात युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हाची गोष्ट. फोनवर रोज पडलेल्या इमारती दिसत होत्या, रांगेत रिकाम्या बादल्या घेऊन उभी पोरं दिसत होती, आणि आपण इथे पाणी थंड करून पन्नास फुटांवर चढवून खाली सोडत होतो, करमणूक म्हणून. मी एकदा चहावर मोठं भाषण केलं. म्हटलं, मला लाज वाटते या नोकरीची, हे पाप आहे. तुमच्या गावात टँकर येतो, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? तुम्ही चहा संपवलात आणि म्हणालात, "वाटतंय की. पण तिकडं पोरं पान्याला महाग झाली मनून हितल्या पोरांनी कोरडं ऱ्हावं का? आपल्या ताब्यात हाय तेवढं पानी नीट ठिवायचं." मी म्हटलं, हा पळपुटेपणा आहे. तुम्ही म्हणालात, "आसंल," आणि उठलात. मला वाटलं मी जिंकले. तुमच्यापेक्षा जास्त मला कळतं, जास्त टोचतं, असं समजून मी आठवडाभर खुशीत होते. आज ते आठवलं की मान वर करवत नाही.

मग तो दिवस आला.

तो बायकांचा दिवस होता. आठवड्यातून एकदा पार्क फक्त बायका-मुलांसाठी. त्या दिवशी तलावाकडे पुरुष फिरकत नाही. जीवरक्षकही मुलीच. फोटो निघू नयेत म्हणून फोन गेटवरच काढून घेतात, लॉकरमध्ये बंद. कामावरच्या पुरुषांना खालून वर यायला बंदी, आणि त्या दिवशी खाली तुम्ही एकटेच होतात. दुपारचे पावणेपाच. लाटांचा तलाव भरलेला, दोनशेच्या वर बायका-पोरं, आणि त्या लाटांचा आवाज असा की शेजारचीला हाक मारायची तर ओरडावं लागतं.

माझा वायरलेस खरखरला. तुम्ही होतात. "म्याडम, फोनवर सरकारचा इशारा आलाय. लई मोठ्यानं वाजलालाय. समद्यांनी छपराखाली जा मनतेत. बायांना भाईर काढा."

माझ्याकडे फोन नव्हता, नियम मलाही लागू होता. मी आकाशाकडे बघितलं. निळंच होतं. आठवड्यापूर्वीच ऑफिसनं सगळ्यांना बजावलं होतं, मॅनेजरच्या परवानगीशिवाय पार्क रिकामा करायचा नाही, लोकांत घबराट पसरवायची नाही. मी वायरलेसवर मॅनेजरला हाका मारल्या, उत्तर नाही. भोंगा वाजवावा तर आपल्याकडे भोंग्याचा अर्थ एकच, लाटा सुरू होणार. भोंगा वाजला की सगळी पोरं पळत पाण्यात येतात. मी तिथेच उभी राहिले.

तुम्ही परत बोललात. "म्याडम, काय करायचं? पंप बंद करू का?"

मी म्हटलं, "थांबा. परवानगी येऊ दे."

"मी वर येऊन सांगू का?"

"नको! आज बायकांचा दिवस आहे. तुम्ही वर यायचं नाही."

मग तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत, एवढंच, "म्याडम, करू का बंद?" आणि मी काहीच बोलले नाही, काका. बटण दाबून धरलं होतं, तोंड उघडलं होतं, आणि बोलले नाही. हो म्हटलं तर माझं नाव लागणार होतं आणि नाही म्हटलं तरी माझंच.

तुम्ही माझं उत्तर ऐकलंत बहुतेक. कारण पाणी थांबलं.

आधी वर टांगलेली, भरली की पोरांवर उलटणारी मोठी बादली भरायची थांबली. मग घसरगुंड्यांची धार बारीक होत होत संपली. लाटा एकदोनदा हेलकावल्या आणि तलाव सपाट झाला. तीन वर्षांत मी ती जागा इतकी शांत कधी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत लॉकरच्या खोलीतून आवाज आला. दोनशे फोन बंद कपाटांत एकदम किंचाळत होते, तोच इशारा पुन्हा पुन्हा. प्रत्येक बाईनं मान वळवली. कुणी कुणाला काही सांगावं लागलं नाही. आया पोरांना काखोटीला मारून स्वतःच बाहेर यायला लागल्या, आणि तेव्हा कुठे मला शिट्टी वाजवायचं सुचलं.

छप्पर म्हणावं असं पक्कं काँक्रीटचं फक्त तुमच्याकडेच होतं. तुम्ही खालचं लोखंडी दार सताड उघडून ठेवलं होतंत. ओल्या कपड्यांतल्या बायका, टॉवेल गुंडाळलेल्या पोरी, अनवाणी म्हाताऱ्या, सगळ्या त्या अरुंद बोळात उतरल्या. आणि तुम्ही, एकटे पुरुष, विजेच्या पॅनलकडे तोंड करून भिंतीला चिकटून उभे होतात. चाळीस मिनिटं. वर धडधड झाली तेव्हाही मान वळवली नाहीत. एक पोरगं रडायला लागलं तर भिंतीशीच बोलल्यासारखं म्हणालात, "खलास, खलास, बच्चा." इथल्या अरबीत खलास म्हणजे झालं, संपलं. बाहेर पडताना एक म्हातारी थांबली, तुमच्या पाठीकडे बघून "शुक्रान" म्हणाली, अरबीत आभार मानतात तसं. तुम्ही पॅनलकडे बघूनच मान हलवलीत.

आपल्याकडे काहीच पडलं नाही. हेच तुमच्या अंगाशी आलं. काही पडलं असतं तर तुम्ही देवमाणूस ठरला असतात. काही पडलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवसापासून तक्रारी. पाणी अचानक आटल्यामुळे एक बाई घसरगुंडीत मध्येच अडकली, तिचं कोपर सोलवटलं. चिलर एकदम बंद केल्यानं बिघडला. चार दिवसांनी पार्क पुन्हा उघडायचा तर पाणी तापलेलं. मोठ्या ऑफिसनं माझ्याकडून अहवाल मागवला. फॉर्मवर दोनच प्रश्न महत्त्वाचे होते. पंप कुणी बंद केले? कुणाच्या परवानगीनं?

मी लिहिलं, तंत्रज्ञ अंकुश यांनी. परवानगी नव्हती.

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. हे मी स्वतःला कितीदा सांगितलंय. फक्त मधली ओळ मी गाळली. त्यांनी तीन वेळा विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही, ही. माझा करार दोन महिन्यांत संपत होता. करार वाढला नाही की व्हिसा जातो आणि गाशा गुंडाळून घरी. माझ्यावर कुणाचं पोट होतं म्हणाल तर तेही नाही, आईबाबांची पेन्शन आहे. मला फक्त परत जाऊन सोसायटीत तोंड दाखवायचं नव्हतं. कारण म्हणून सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि हे सांगतानाही मला ते लहान वाटतंय.

मग पत्र निघालं. परवानगीशिवाय यंत्रणा बंद केली, पाहुण्यांना इजा, मालमत्तेचं नुकसान, सबब सेवा समाप्त. खाली तक्रार नोंदवणाऱ्या वरिष्ठाची सही. आणि ते पत्र तुमच्या हातात पडल्यावर तुम्ही ते कुठे घेऊन आलात? शुक्रवारी, कॅफेटेरियात, माझ्याचकडे. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलंत, हात पँटला पुसलेत आणि माझ्यासमोर ठेवलंत. "बगा बरं काय मनतेत."

मी वाचलं. म्हणजे कागदावर डोळे ठेवून भलतंच बोलले. म्हटलं, काका, यात लिहिलंय की त्या दिवशी तुम्ही पंप बंद केले आणि सगळ्या बायका-मुलं सुखरूप बाहेर आली. चिलर दुरुस्तीला बराच वेळ लागणार आहे, म्हणून तुम्हाला आता घरी पाठवतायत. इथे सही करा.

तुम्ही म्हणालात, "मंजी शाबासकीच हाय मना की."

मी म्हटलं, "तसंच काहीसं."

तुम्ही कागद स्वतःकडे वळवलात. बराच वेळ बघत होतात. मग खालच्या सहीवर बोट ठेवलंत. "ही सही कुनाची?"

मी म्हटलं, "ऑफिसची."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. पंपाला डिसमिस लावल्यावर बघता तसं, थोडं थांबून. मग सही केलीत, कागद पिशवीत घातलात आणि म्हणालात, "चहा गार झाला तुमचा." दुसरा मागवलात. मी तोही प्यायले.

तुम्हाला विमानतळावर सोडायला मी आले नाही. ड्युटी आहे म्हटलं. ड्युटी नव्हती. जायच्या सकाळी तुम्ही माझ्या टेबलाच्या खणात तुमचं ते डिसमिस ठेवून गेलात, वर्तमानपत्रात गुंडाळून. माझा करार पुढच्याच महिन्यात वाढला. आणि अजून एक आहे, तेही सांगून टाकते. पार्कनं आणीबाणीचे नवे नियम केले. पहिलाच नियम, फोनवर इशारा आला की सर्वात आधी सगळे पंप बंद करायचे, शांतता झाली की लोक स्वतः बाहेर येतात. इतकी वर्षं सगळे तिथे राबतायत आणि ही साधी गोष्ट कुणाला सुचली नव्हती, असं म्हणत मोठ्या ऑफिसनं फार कौतुक केलं. नियमांच्या कागदावर 'तयार करणारी व्यक्ती' म्हणून माझं नाव आहे. मला बक्षीस म्हणून काचेची एक पट्टी मिळाली, टेबलावर ठेवायची. मी ती खणात ठेवली, तुमच्या डिसमिसच्या शेजारी. बाहेर ठेवायची लाज वाटली, परत करायची हिंमत झाली नाही.

गावाहून तुमचे व्हॉइस मेसेज यायचे, दर शुक्रवारी, आपल्या चहाच्या वेळेला. तुम्ही कधी त्या दिवसाबद्दल बोलला नाहीत. "म्याडम, तीन नंबरचं बेअरिंग बगितलं का? उन्हाळ्याआधी बदला. नवा गडी तक्ता नीट लिवतो का?" मी उत्तरात अंगठा पाठवायचे. पूर्ण ऐकायचे नाही कधी कधी. शेवटचा मेसेज तुम्ही गेलात त्याच सकाळचा, तो मी तुम्ही गेल्याचं कळल्यावर उघडला. त्यात तुम्ही म्हणता, "शेजारच्या गावात मोटार भरायला चाललोय. तुमी जेवताव का येळंवर?" बस. तिथेच लिंबाखाली बसलात आणि गेलात, असं सुवर्णा म्हणाली.

तुमची बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डिसमिस घेऊन खाली गेले. तीन नंबरच्या पंपाला टेकवलं आणि कानाला लावलं. काका, तो खरंच कण्हतोय. मी पूर्ण थांबून ऐकलं. नव्या तंत्रज्ञाला सांगून बेअरिंग बदलायला काढलंय.

आता कालच्या फोनचं उरलेलं सांगते. मी सुवर्णाला "पाठवते" म्हणाल्यावर ती लगेच फोन ठेवेना. मग हळू आवाजात म्हणाली, "ताई, मला इंग्रजी येतं. मी नर्सिंग करते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

ती म्हणाली, "बाबा आले त्याच दिवशी मी ते पत्र वाचलं. लई भांडले त्यांच्याशी. मनलं, बाबा, ह्या बाईनं तुम्हाला फसवलंय, खाली तिचीच सही आहे. तर बाबा मनले, मला म्हाईत हाय. तीन वर्सं रोज बगितली ती सही, मी वळखनार नाई का? वाचून दावताना तिचा आवाज बदलला व्हता."

मी विचारलं, मग ते मला काही बोलले का नाहीत?

"मी बी तेच विचारलं. ते मनले, मी इचारलं की तिला, सही कुनाची मनून. तिनं सांगितलं आस्तं तर बरं झालं आस्तं तिला. आता तू आईला सांगू नको. आईला मी शाबासकीचं पत्र हाय मनून सांगितलंय."

आणि काकूंनी ते काचेत बसवून भिंतीला लावलंय, तुमच्या मोटार भरायच्या सर्टिफिकेटशेजारी.

"मी आईला काही सांगितलेलं नाही," सुवर्णा म्हणाली. "तुम्ही काय लिहायचं ते मी सांगणार बी नाही. तुम्ही तेव्हा वाचलं तसं लिहून द्या नाहीतर आहे तसं द्या. तुम्ही ठरवा. मी जे येईल ते वाचीन." आणि फोन ठेवला. पोरगी तुमच्यावर गेलीय, काका. तीही एकदाच विचारते.

तुम्ही मला संधी दिली होती, आणि मी तुमच्याच पैशाचा दुसरा चहा प्यायले. वर त्यानंतर दर शुक्रवारी तुम्ही मला बेअरिंगचं निमित्त करून विचारत राहिलात. दर शुक्रवारी मी अंगठा पाठवला. माझ्यावर चिडून चार शब्द बोलला असतात तर मी तुमच्याशी वाद घातला असता आणि माझं बरं झालं असतं. तेवढंही तुम्ही करू दिलं नाहीत. याचा मला राग येतो, आणि राग आल्याचीही लाज वाटते.

रात्र तळमळण्यात गेली, त्याचं कौतुक नको. सकाळी मी काकूंना फोन लावला. तेराव्याला चारचौघांत त्यांच्या कानावर पडण्याआधी माझ्या तोंडून पडावं म्हणून. सगळं सांगितलं. पत्र कशाचं आहे, मी काय लिहिलं, काय गाळलं, काय खोटं वाचलं. त्या हं हं करत ऐकत होत्या.

मग म्हणाल्या, "पानी थांबिवलं, बाया-लेकरं भाईर आली, हे तर खरं हाय ना?"

"खरं आहे, काकू."

"भिताडाकडं तोंड करून हुबे ऱ्हायले, हे?"

"तेही खरं."

"हे त्यांनी मला सांगितलंच नाई बगा," त्या म्हणाल्या, आणि मग रडल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मंग तेच लिव. समदं लिव. तुझं बी लिव. त्यांना वंगाळ बोललेलं कागदावर ऱ्हायलंय, ते कागदावरच पुसाया पायजेल."

मला माफ केलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. तो अधिकार मला नाही.

तर काका, परवा सुवर्णा काय वाचणार आहे ते तुम्हाला आधी वाचून दाखवते. याचंच इंग्रजी करून आज सकाळी मी ऑफिसला पाठवलंय, नियमांच्या कागदावरचं माझं नाव काढून तिथे तुमचं घालावं या विनंतीसकट. त्याचं काय होईल ते होईल. काचेची पट्टी टेबलावर वेगळी काढून ठेवलीय, परत करायला. डिसमिस मात्र मी ठेवून घेणार आहे.

ऐका.

'अंकुशकाकांच्या घरी भिंतीवर जे इंग्रजी पत्र आहे ते शाबासकीचं नाही. कामावरून काढण्याचं आहे. त्यात म्हटलंय की त्यांनी परवानगी न घेता पाणी बंद केलं. त्यांनी परवानगी मागितली होती. तीन वेळा. ती द्यायची माझ्या हातात होती. मी भ्याले आणि गप्प बसले. मग त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर पाणी थांबवलं, आणि ते थांबलं म्हणून दोनशेच्या वर बायका-मुलं वेळेत छपराखाली आली. त्या चाळीस मिनिटांत अंकुशकाकांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही. नंतर मी अहवालात माझं गप्प बसणं लिहिलं नाही आणि त्यांची नोकरी गेली. त्यांनी विश्वासानं ते पत्र माझ्याकडे वाचायला आणलं, तेव्हा मी ते खोटं वाचलं.'

एवढंच आहे. वाचताना आवाज बदलला, तुम्हाला कळलाच असेल. पण या वेळी ओळ एकही गाळलेली नाही.

तुम्ही विचारलं होतं, ही सही कुणाची.

माझी, काका.